हायड्रो

नववी ब. अशोक चौकामागची शाळा, पाचवा तास.
पंखा फिरतो, वारा मात्र येत नाही.
फळ्यावर मी ‘ऑक्सिडीकरण’ लिहिते
आणि ‘ण’वर खडू मोडतो.
शेवटच्या बाकावरून एक जांभई निघते,
बाकाबाकावर थांबत पुढे येते,
मलाही येऊन भेटते.

पुस्तक मिटलं.
विचारलं, शेंगाचटणी लई दिवस राहिली की काय होतं?
“खवट!” चाळीस तोंडं एकदम.
कुणामुळे?
आता सगळे गप्प.
“आईमुळे,” श्रीशैल म्हणाला,
“झाकण उघडंच टाकते की.”

हसलो सगळे.
मग लक्षात आलं, उत्तर बरोबर आहे;
त्यातून फक्त आईला वगळायचं
आणि हवेला धरायचं.

या पोरांना मी असंच शिकवत आलेय.
बोअरच्या पाण्यात साबण घुसळला होता,
फेस आला नाही, फाटल्या दुधासारखा साका आला,
तेव्हा कॅल्शियम त्यांना घरातलंच वाटलं,
नळ पाचव्या दिवशी येणाऱ्या घरातलं.
हळदीच्या डागावर सोडा टाकून
मुख्याध्यापकांचा रुमाल लाल केला होता.
(त्याची भरपाई अजून चालू आहे.)

त्या दिवशी मात्र खिडकीजवळची भूलक्ष्मी वंगारी,
जी हजेरीला सुद्धा हळूच बोलते,
उभी राहिली.
“बाई, सूत पण खवट होतं काय?
नायना सांगतात,
निळीच्या टाकीतून काढलं की लड हिरवी असते.
वारा लागला की निळी होते.”

एम.एस्सी. झाले, बी.एड. झाले,
अठरा वर्षं या शहरात चादरी पांघरल्या,
टाकीपाशी कधी उभी राहिले नव्हते.
म्हणाले, उद्या सांगते.

उद्या तीच घेऊन आली.
स्टीलचा डबा, काठोकाठ भरलेला,
“आत हवा ठेवायची नाही, बाई,”
वर फडकं, त्यावर दोरी, दोरीला तीन गाठी.
कॉस्टिक आहे, लांब व्हा, मी ओरडले.
कुणी लांब झालं नाही.
हातमोजे घालून चिमट्याने लड उचलली,
खिडकीत धरली.

आधी काविळीच्या डोळ्यासारखी पिवळट.
मग चिंचेच्या कोवळ्या पाल्याची.
मग कडेकडेने, जिथे वारा आधी पोचला तिथे,
जणू कुणी आतून दिवा मालवत होतं तसं
निळं, अजून निळं,
आणि तास संपल्याची घंटा वाजली
तर ती कुणाचीच नव्हती.

सहामाहीच्या पेपरात प्रश्न होता,
ऑक्सिडीकरण म्हणजे काय? दोन गुण.
भूलक्ष्मीने लिहिलं होतं:
“हवा लागून वस्तू बदलते ती.
चटणी खवट होते. बंद पडलेल्या मागाला गंज चढतो.
सूत निळं होतं. नायनांची नखं पण,
ती परत हिरवी होत नाहीत.”
आदर्श उत्तरात यातलं एक वाक्य बसत होतं.
तांबडा पेन हातात धरून
मी चहा गार होऊ दिला.
दोनपैकी दोन.
मॉडरेटर काय म्हणायचं ते म्हणोत.

पालकसभेला मल्लेशम वंगारी आले,
इस्त्रीचा शर्ट, दोन्ही हात खिशात.
मी डब्याची गोष्ट काढली.
म्हटलं, हायड्रो टाकला की रंग पाण्यात विरघळतो,
मग धाग्यात शिरतो,
असंच ना?
ते जरा हसले. उजवा हात खिशातून निघाला,
मनगटापर्यंत निळा,
आणि हवेत टाकी ढवळू लागला.
“तसंच. पण हायड्रो जास्ती झाला
की रंग धाग्यावर बसतच नाही. अंदाज लागतो.
हे सांगितलं काय पोरांना?”
नाही सांगितलं.
“आणि पाणी बोअरचं नको, बाई.
डाग पडतात.”

हजेरीपटाच्या मागच्या पानावर
मी लिहून घेतलं.